गोठ्यातला चमचाभर उपाय

बाईने पंचेचाळिसाव्या वर्षी छाती वाढवायला काढू नये, आणि काढलीच तर औषध गोठ्यात ठेवू नये. मी दोन्ही केलं.

मी मंदा. निमगाव सावाला आमची द्राक्षबाग. लग्न होऊन आले तेव्हा नुसती कुसळं होती तिथे. आज व्यापारी बांधावर आला की आधी पाणी पितो, मग घाम पुसतो आणि मगच माझ्याशी भावाचं बोलतो. (आमचे हे त्या वेळी मोटर बघायला विहिरीवर जातात.) आजवर मला खाली बघायला लावणारं माणूस एकच: माझी थोरली जाऊ, सुलोचनाअक्का. राहते घोडेगावला. तिचा ब्लाउज असा बसतो की अंगावरच शिवलाय म्हणावं! आणि गेल्या वर्षी एका साखरपुड्यात, सगळ्या बायकांच्या देखत, माझ्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून ती म्हणाली, "मंदे, ब्लाउज घातलाय का वाळत घातलाय गं?"

बायका हसल्या. मीही हसले. पण ती चिमटी मी वर्षभर विसरले नाही.

त्यातच अक्काच्या मुलाचं लग्न ठरलं. म्हणजे पुन्हा तीच बाई, त्याच बायका आणि शेजारी उभं राहून फोटो! मी मोबाइलवर एक जाहिरात बघून ठेवली होती. फोन लावला.

"मॅडम, शंभर टक्के नॅचरल," पलीकडची मुलगी म्हणाली. "पूड हर्बल आहे. शतावरी, मेथी, सगळं घरगुती. क्रीममध्ये हार्मोन आहे, पण अगदी लो डोस."

"हार्मोन म्हणजे आमच्या द्राक्षाच्या जीएसारखं? घड बुडवला की मणी फुगतो, तसं?"

"तसंच समजा, मॅडम."

"किती पीपीएम?"

"...मॅडम?"

"राहू दे. दोन पुड्यांच्या किमतीत तीन पुडे द्यायचे असतील तर बोल."

तिने दिले! मी जिंकले होते. पुढचा सगळा घोटाळा या आनंदात झाला.

आता आम्हा द्राक्षवाल्यांची एक रीत आहे. मणी ज्वारीएवढा असतानाच आम्ही पेट्या मागवतो, त्या पुढे येणाऱ्या मालाच्या मापाने. माल तयार झाल्यावर पेट्या शोधत फिरणारा शेतकरी मूर्ख. त्याच हिशेबाने मी पैठणीचं ब्लाउजपीस घेऊन नारायणगावच्या मास्तरांकडे गेले.

मास्तरांनी टेप लावला. "चौतीस."

"अडतीस लिहा."

"ताई, टेप खोटं बोलत नाही."

"टेप आजचं बोलतोय. लग्न दीड महिन्याने आहे!"

"अहो, पण..."

"शिवणार कोण? तुम्ही. घालणार कोण? मी. अडतीस! आणि अर्धा इंच जरी आत घेतलात तर ब्लाउज इथेच टाकून जाईन." (तिथे बसलेल्या दोघी बायका उठून बाहेर गेल्या.)

पार्सल आलं. घरात ठेवायची सोय नव्हती, कारण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डाळीचे डबेसुद्धा रोज उघडून बघतात. मग मी डोकं चालवलं. आमच्या चंद्री गायीच्या खनिज पुडीचा एक रिकामा डबा होता, वर गायीचं चित्र. त्यात माझी तिन्ही पुड्यांची पूड ओतली आणि गोठ्याच्या कोनाड्यात डावीकडे ठेवला. उजवीकडे चंद्रीचा भरलेला डबा, अगदी तसाच. मागे क्रीमची ट्यूब. रोज सकाळी शेण काढायच्या निमित्ताने जायचं, चमचाभर पूड तोंडात टाकायची, आडोशाला क्रीम लावायचं.

पूड खडूसारखी लागायची, वर खारट. मी म्हटलं, औषध म्हणजे असंच असणार. शिवाय डबा संपतच नव्हता! एवढी बरकत मी कुठल्या मालात पाहिली नव्हती. क्रीमचं मात्र उलटं. ट्यूब बघता बघता चपटी झाली. मी लगेच कंपनीला फोन लावला.

"भरती कमी आहे तुमची! मी काय पहिल्यांदा माल घेते का?"

इतकी भांडले की त्यांनी आणखी एक ट्यूब फुकट पाठवली. ती पण आठवड्यात चपटी.

महिना झाला. मी रोज आरशासमोर उभी राहायचे. समोरून, बाजूने, श्वास ओढून. चौतीसची चौतीस! फक्त जिना चढताना गुडघे दुखायचे, ते थांबले होते.

आणि गोठ्यात काय चाललं होतं? चंद्रीची कास वाढत होती. रोज! आधी वाटलं, भास. मग धार काढताना बादली भरली आणि आत्याबाईंना दुसरी मागवावी लागली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बघायला माणसं येतात ना, तशी गावातली माणसं आमच्या गोठ्यात येऊ लागली. येणारा आधी मोठ्याने बोलत यायचा, कास दिसली की आपोआप आवाज खाली जायचा.

"आयला! ही गाय हाय का टाकी राव!"

"लई झालं, लई झालं. कुणाची नजर लागंल."

मीसुद्धा बघत राहायचे. गोल, तुकतुकीत, ऐटदार! मी आयुष्यात कुणासमोर मान झुकवली नाही, पण त्या कासेसमोर हात जोडले. मनात एवढंच आलं, की देणाऱ्याने देताना जरा पत्ता बघायला हवा होता.

लग्नाच्या चार दिवस आधी यांनी घाबरून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"इतक्या वर्षांत अशी कास पाहिली नाही," ते म्हणाले. "चारता काय?"

"येगळं काय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "उजव्या डब्यातली पूड, मूठभर. दोन येळा."

"उजव्याच ना?" माझ्या तोंडून निघालं. "डावा नाही ना कधी?"

"न्हाई. पर म्हैन्यामागं कोनाडा झाडला, तवा इकडचा डबा तिकडं झाला आसंल. दोन्हीवर गायच हाय की! आन् सडं फुटली व्हती, तर त्ये मलम लावते. लई गुणाचं हाय."

त्यांनी ट्यूब काढून दिली. डॉक्टरांनी वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"हे गायीचं नाही."

"मग कुणाचं?" हे म्हणाले.

मी गोठ्याचे पत्रे मोजत होते. पण मनातलं बाहेर पडलंच. "मग महिनाभर मी काय खाल्लं?"

फक्त चंद्रीने मान हलवली.

डॉक्टर माझ्याकडे न बघता, पण चांगले तडकून म्हणाले, "हार्मोनचं क्रीम आहे हे! हे दूध मी सांगेपर्यंत डेअरीला घालायचं नाही. ट्यूब खड्ड्यात पुरा. आणि ताई, माणसानेसुद्धा हे माणसांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नसतं."

मी ट्यूब पुरली. पण अडतीसच्या ब्लाउजचं काय? मास्तरांकडे धावले.

"अर्धा इंचसुद्धा आत घ्यायचा नाही, तुमचीच ऑर्डर," मास्तर म्हणाले आणि शांतपणे सुईत दोरा ओवू लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दुकानच बंद, गावाला गेले!

लग्नात मी चौदा पिना लावून गेले. भर उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरून पदर, हिवतापाच्या रोग्यासारखा. वाटलं, अक्का येणार आणि चिमटीत कापड धरणार. अक्का आली. माझा हात धरला आणि मला कार्यालयातल्या मागच्या खोलीत ओढत नेलं. दाराला कडी!

"मंदे, आत्याबाई म्हनत व्हत्या, तुज्याकडं कसलीशी पूड आन् क्रीम हाय."

मी पदर आवळून धरला. "आणखी काय म्हणाल्या?"

"एवढंच. तेवढ्यात त्यांना कुनी हाक मारली. खरं सांग, फरक पडतो?"

"तुला कशाला हवंय अक्का? तुझं तर..."

अक्काने दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "फोम हाय गं. वीस वर्सं झाली."

वीस वर्षं! मी तिच्याकडे बघतच राहिले. अशी कारागिरी, आणि चेहऱ्यावर एक रेघ नाही! राग कुठे गेला कळलंच नाही. पण सौदा समोर आला की मी भान सोडत नाही.

"सांगते. आधी जास्तीचे कप आहेत का, ते बोल."

तिच्या पिशवीत होते. पिना निघाल्या, कप बसले. अडतीस म्हणजे अडतीस! मास्तरांनी एक टाका चुकवला नव्हता.

"आता सांग. फरक पडतो?"

"पडतो. आमच्या घरात पडला. सगळा गाव बघून गेला."

"डागदरला दाखवलं?"

"दाखवलं. तो वाकून बघतच राहिला. म्हणाला, असं कधी पाहिलं नाही."

"नंबर दे त्याचा!"

दिला. फोटोत आम्ही दोघी शेजारी उभ्या आहोत, भरलेल्या कळश्यांसारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात होते, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. "ताई, घोडेगावहून एक बाई फोन करून म्हणाल्या, फरक हवाय. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कितवं वेत, किती वेळा व्याली? तर शिव्या देऊन फोन ठेवला. कोण होत्या?"

माझ्या तोंडून नुसतं 'हंऽ' निघालं. उजव्या-डाव्याची नीट खात्री करून मी नुकताच चंद्रीच्या पुडीचा एक चमचा तोंडात टाकला होता. गुडघ्यांना फार चांगली आहे.