मथुराबाईंनी चातुर्मासात सोडलेली वस्तू

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली मथुराबाईंच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. मिरजेला नेऊन पिशवी काढली, वर विजेचे शेक दिले. गाठ गेली, तिच्याबरोबर पाळीही गेली. पाळीसाठी काही मथुराबाई रडल्या नाहीत. "सुटले बया," म्हणाल्या.

पण सोलापुरात घरी आल्या आणि खरं रडणं तिथं सुरू झालं. अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही. ज्यांच्या भाकरीची थापथाप आख्ख्या चाळीला घड्याळासारखी, त्या पीठ मळून परातीकडं नुसत्या बघत बसायच्या. यजमान रामहरी नव्या पेठेत कापडाच्या दुकानात कामाला. दुपारी येऊन बघतात तर चूल गार.

"अगं, बरी झालीस की! आता रडती कशाला?"

"मला काय ठावं? डोळ्यास्नी इचारा."

शेवटी डॉक्टरांनी मनाची गोळी दिली. गोळीनं तोंडाला कोरड पडायची, पण दीड-दोन महिन्यांत थापथाप परत सुरू झाली. एका सकाळी नळावर मथुराबाईंनी शेजारच्या निंगव्वाची घागर मागं सारली आणि दोघींचं कडाक्याचं जुंपलं. निंगव्वा घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मथुराक्का बरी झाली बगा. आज मला लई बोलली."

मग आषाढ आला. चातुर्मासात बायका देवासाठी एखादी वस्तू सोडतात. कुणी कांदा सोडला, निंगव्वानं वांगं सोडलं. मथुराबाईंच्या नणंदेनं मागं कुजबुज केली होती, "येड्याची गोळी खाती." ते मनात सलत होतंच. मथुराबाईंनी विचार केला, एका दगडात दोन पक्षी, व्रतही होईल आणि नणंदेचं तोंडही बंद. आणि गोळीच सोडून दिली. बाटली देवामागं ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

नागपंचमीला चाळीतल्या बायका फेर धरत होत्या आणि मथुराबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. केस विंचरलेले नाहीत, परात कोरडी. निंगव्वा फुगडी सोडून आत आली.

"यव्वा! मथुराक्का, गोळी घेती का न्हाय?"

"सोडली. देवासाठी."

दारात उभे रामहरी आत आले. "आता गं? चल, घे बरं आत्ताच्या आत्ता."

"कार्तिकापातूर तोंडात घालायची न्हाय. देवाला सबूद दिलाय. मोडला अन् गाठ परत आली, मग?"

आता खरी भीती कळली. बाई अंथरुणातून उठेना आणि गोळीला हात लावेना. निंगव्वा मात्र पदर खोचून समोर बसली.

"मला सांग, गोळी तुला आवडती व्हय?"

"आवडती कशी? तोंड चुन्यावानी कोरडं पडतंय."

"मग ते सोडणं कसलं? आवडीचं सोडत्यात, मथुराक्का! वांग्याच्या वासानं माझा जीव तुटतोय हितं. अन् तू औषध सोडून पुण्य मागती? देव काय खुळा हाय? त्यानं तुझं मोजलंबी नसंल."

मथुराबाई भिंतीकडून वळल्या. "मग काय सोडू?"

निंगव्वानं उशाशी हात घातला आणि दात घासायच्या तंबाखूच्या मिश्रीची डबी काढली.

"ती न्हाय गं!" मथुराबाई ताडकन उठून बसल्या.

"तीच."

डबी निंगव्वाच्या कनवटीला गेली. दुसऱ्या दिवशी रामहरी बायकोला घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर रागावले, "बंद करायची तेव्हा मी सांगेन, तीही हळूहळू. तुमच्या पंचांगात बघून नाही." गोळी परत सुरू झाली. श्रावण कसातरी गेला. भादव्यात एखादी भाकरी, तीही वाकडी. दिवाळीपर्यंत थापथाप भिंतीपलीकडं ऐकू जाऊ लागली.

कार्तिकात चातुर्मास संपला. निंगव्वानं वांग्याचं भरीत केलं, मथुराबाईंच्या भाकऱ्या घेतल्या आणि डबी परत दिली. मथुराबाईंनी डबी कानाशी हलवली.

"निंगव्वा! निम्मी झाली की गं ही!"

"मी वांगं सोडलं व्हतं, मथुराक्का. मिश्री न्हाय."

"अगं सटवे! देवाची वस्तू तू दाताला घासलीस?"

आवाज पार चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. आत रामहरींनी ऐकलं, भाकरी मोडली आणि भरीत जरा जास्तच वाढून घेतलं.