स्वतःचं पोर उचलायची चोरी

मंडळी, आज मुलासोबत जळगावच्या एका दवाखान्यात गेलो होतो. सूनबाईला सातवा महिना आहे, आणि तिथे होणाऱ्या बापांना बाळ कसं धरायचं ते शिकवतात.

मुलानं कापडी बाहुलीच्या मानेखाली अलगद हात दिला. सिस्टर म्हणाल्या, "छान! वडिलांनीही तुम्हाला असंच धरलं असेल."

तो हसून म्हणाला, "नाही हो, मी काकांच्या कडेवर वाढलो."

खरंच बोलला. नव्वदच्या आसपास चोपड्याला आमच्या घरी वडिलांसमोर, म्हणजे आबांसमोर, स्वतःचं पोर उचलायची रीत नव्हती. भावाचं खुशाल उचला! म्हणून पुतणी माझ्या खांद्यावर आणि माझा मुलगा भावाच्या. तो रडला आणि मी हललो, की माय हळूच दटावायची, "ऊठू नको, आबा समोर शेतस." म्हणजे, आबा समोर आहेत.

रीत कसली, डोंबलाची!

मग सिस्टरनी बाहुली माझ्यापुढे धरली. "घ्या आजोबा, तुम्हीपण."

आबांना जाऊन किती वर्षं झाली. तरी हात पुढे करण्याआधी मी दाराकडे पाहिलं.

असं दाराकडे बघणारा अजून कोणी आहे का हो इथे?