रिकाम्या डब्याखालचं सामान

वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले तेव्हा मला अभ्यासापेक्षा मेसची भीती जास्त होती. ताट भरून घ्यायचं, वळायचं आणि सगळ्यांच्या देखत ठरवायचं की आता बसायचं कुठे. प्रत्येक टेबलाचे मालक पहिल्याच दिवशी ठरून गेले होते. दोन दिवस मी ताट धरून भिंतीशी उभ्यानंच जेवले, तिसऱ्या दिवशी खोलीत बिस्किटं खाल्ली आणि आईला फोनवर ठोकून दिलं की मेसच्या जेवणानं पोट बिघडतं.

आईनं लगेच तोडगा काढला. सकाळी बाबा आमच्या समुद्रपूरच्या स्टँडवर जाऊन एसटीत डबा ठेवणार, मी तो वर्ध्याला उतरवून घेणार, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या बसनं परत. तोही बाबाच घेणार. आमच्या भागात शिकायला गेलेल्या कितीतरी पोरांची पोटं अशी एसटीवर चालतात. मला फक्त ड्रायव्हरकाकांना "काका, डबा" एवढं म्हणायचं होतं. तेवढ्याचीही मी हॉस्टेलपासून स्टँडपर्यंत तालीम करत जायची.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी वर्गात एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली आणि मी गावाचं नाव सांगितलं. वर्ग खळखळून हसला. आज मीही हसले असते, पण तेव्हा कान तापले आणि दुपारपर्यंत मी ठरवून टाकलं की हे कॉलेज आपल्याच्यानं होणार नाही.

हे घरी सांगायची सोय नव्हती. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आणि माझ्या ॲडमिशनचे पेढे त्यांनी शिपायापासून साहेबांपर्यंत वाटलेले. मग मी शक्कल लढवली. रोज रिकाम्या डब्याखाली, पिशवीच्या तळाशी, एक वस्तू घरी पाठवायची. सगळं सामान गेलं की मागे उरेन मी एकटी, आणि मग मला "ये" म्हणण्यावाचून त्यांना इलाज राहणार नाही. त्या वयाच्या डोक्याला हे भारीच हुशारीचं वाटलं.

आधी जास्तीची चादर पाठवली. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत ती घडी घालून परत आली, डांबरगोळीच्या वासासकट. स्टीलचा मोठा गडवा पाठवला, तो शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून आला. गजराचं घड्याळ नव्या सेलसह आलं. स्वेटर पाठवला तर त्याचं तुटलेलं बटण शिवून आलं. फोनवर आई विचारायची, जेवली का, झोप लागते का. स्वेटरचं नाव ती काढत नव्हती, मीही नाही. दोघी सारख्याच हट्टी.

लाडवांमुळे मात्र एक झालं. शेजारच्या खोलीतली तळेगावची मुलगी एक लाडू खायला आली आणि मग रोजच येऊ लागली. ती इतकी बोलायची की मला बोलावंच लागत नसे. अशी मैत्री मला झेपत होती.

एका मंगळवारी मी प्रयोगशाळेचा ॲप्रन पाठवला. बुधवारी डबा आला, ॲप्रन आला नाही. पिशवी उलटी करून झटकली. दुपारी प्रॅक्टिकल होतं आणि ॲप्रनशिवाय आत घेत नसत. मी चिडून आईला फोन लावला.

"ॲप्रन काऊन नाई पाठवला?"

"मी त माह्या हातानं पिशवीत टाकला होता," आई म्हणाली. "म्हणजे तुले तो लागते?"

"लागते," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं. कॉलेज सोडायला निघालेली बाई ॲप्रनसाठी भांडत होती.

शेवटी मी शेजारचं दार वाजवलं. तळेगाववालीनं तिचा ॲप्रन दिला. तो माझ्या घोट्यापर्यंत येत होता, पण प्रॅक्टिकल झालं.

शनिवारी कोणाला न सांगता मी संध्याकाळच्या बसनं घरी निघाले. समुद्रपूरला नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी उतरले. बाबा बसच्या दाराशी उभे होते. ड्रायव्हरकाका बाबांकडे बोट दाखवत हसून मला म्हणाले, "डबा त मी यायले पहिलेच देऊन टाकतो. तरी रोज शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभे राह्यते तुह्ये बाबा."

बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्कूटरची डिकी उघडली. आत माझा ॲप्रन होता, नीट घडी घातलेला.

"द्याचा राहून गेला," ते म्हणाले. ज्या माणसाची कधी छत्रीसुद्धा कुठे राहिली नाही, तो हे सांगत होता. आई माझं सामान परत पाठवत होती, आणि बाबा रोज मी उतरते का ते बघत होते. त्यांना माझी इतकी आठवण येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला भर स्टँडवर रडू आलं, आणि कोण बघतंय याची फिकीर वाटली नाही.

"राहाचं असन त राह्य," बाबा स्कूटरकडे बघत म्हणाले. "लोकाईले काय सांगाचं ते मी पाहीन."

मी डोळे पुसले आणि सांगितलं की सोमवारी पुन्हा प्रॅक्टिकल आहे, पहिल्या बसनं जाते. त्यांनी मान हलवली. दोन-तीन किका मारूनही स्कूटर सुरू होईना, तेव्हा ते थांबले.

"मंग सामान तिकडंच राहू दे," ते म्हणाले. "शनिवारी तू येत जाजो."