चूल आणि वैल

आमच्या आबांनी रविवारच्या जुन्नरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, चार माणसांत माझी पार अब्रू घालवली. आणि गंमत म्हणजे, त्यांना वाटत होतं की ते आमचं कौतुकच करताहेत.

आमच्या गावचे, डिंगोऱ्याचेच एक पावणं भेटले होते. त्यांनी विचारलं, "काय वो, तुमची दोनी पोरं त्या गॅसच्या प्लँटवर. करत्यात तरी काय तिथं?"

"धाकटा वीज काढतो," आबा म्हणाले.

"आन थोरला?"

"थोरला पाणी तापवतो."

झालं! सगळे खो खो हसले. थोरला म्हणजे मी. बाजाराची पिशवी धरून तिथंच उभा होतो. अरे, मी काय न्हाणीतला बंब आहे? आणि शेजारी उभा असलेला धाकटाही हसला, ते जास्त लागलं. मी खाली मान घालून पिशवीतली वांगी मोजल्यासारखं करत राहिलो.

ही नव्वदीच्या शेवटची गोष्ट. घाटाखाली, समुद्राकडं, गॅसवर चालणारा नवा वीजप्रकल्प उभा राहत होता. तिथं आधी लागलो मी. आयटीआयचा फिटर. मग साहेबांच्या मागं लागून लागून धाकट्याला मीच चिकटवला. आणि साहेबांनी काय करावं? त्याला घेतलं गॅसकडं, मला टाकलं वाफेकडं. का, तर त्याला हिंदी फर्डं येतं. येणारच! तो टीव्हीपुढं बसून हिंदी शिकत होता तेव्हा मी रानात पाण्याची दारं धरत होतो.

त्या प्रकल्पात यंत्रं दोन. पहिल्यात गॅस जळायचा, यंत्र फिरायचं आणि वीज निघायची. त्यातून जी कडक गरम हवा बाहेर पडायची, ती वाया न घालवता एका भल्यामोठ्या बॉयलरात घ्यायची, तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरं यंत्र फिरवायचं. तेवढ्याच गॅसात जादा वीज. पहिलं यंत्र धाकट्याकडं, दुसरं माझ्याकडं. म्हणजे वीज मीपण काढणार होतो. पण आबांच्या डोक्यात ते पाणी तापवणं जे बसलं ते बसलं.

गॅसचं यंत्र आधी सुरू झालं. पेढे काय, हार काय, साहेबांच्या शेजारी उभा राहून फोटो काय! तो फोटो आबांनी घरात देवांच्या शेजारी लावला. आम्ही वाफवाले तेव्हा पाइप साफ करत होतो. पाइपातून जोरात वाफ सोडायची, आतली घाण, वेल्डिंगचे कण बाहेर फेकायचे. तोंडाशी चकचकीत पत्रा लावायचा आणि त्यावर डाग उठायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. कान बधिर व्हायचे. त्याचे फोटो कोण काढतंय!

जळत होतो मी, सरळ सांगतो. धाकटा शेजारच्या खाटेवर घोरायला लागला की मी देवाला म्हणायचो, एकदा, फक्त एकदा याचं यंत्र भर कामात बंद पाड. सगळ्यांपुढं याचं तोंड उतरलेलं बघू दे.

शेवटी वाफेचं यंत्र पहिल्यांदा फिरवायचा दिवस ठरला. मी आबांना मुद्दाम बोलावून घेतलं. साहेबांच्या हातापाया पडून त्यांना गेटजवळच्या शेडात बसवलं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका आणि मग बाजारात काय सांगायचं ते सांगा.

वाफ चढली. यंत्र फिरायला लागलं. त्याची घरघर पायाखाली लागायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पलीकडं धाकट्याचं यंत्र बंद पडलं. गॅसचा दाब घसरला होता, त्याचा काडीचाही दोष नव्हता. पण गरम हवा थांबली, वाफ उतरली आणि माझं यंत्रही हळूहळू गप्प झालं. इतके दिवस जे मागत होतो, ते देवानं नेमकं त्याच दिवशी माझ्या पदरात टाकलं.

धाकटा धावत आला. तोंड उतरलेलं. "दादा, तुझा दिवस घालवला रं मी," म्हणाला. घ्या! माफीसुद्धा त्यानंच मागायची. मोठेपणाही गड्यानं माझ्या वाटणीला ठेवला नाही.

शेडात आबा म्हणाले, "बंद पडलं ते धाकट्याचं ना? मंग तुझं का थांबलं?"

"माझं त्याच्या धगीवर चालतं, आबा."

"आन तुझं बंद पडलं तर त्याचं?"

"त्याचं चालतं."

हे माझ्याच तोंडानं बोलावं लागलं. आबांनी दोन्ही यंत्रांच्या दिशेनं एकेकदा बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी तू वैल हायेस."

वैल म्हणजे चुलीच्या कडेचं दुसरं तोंड. चुलीवर भाकरी भाजायची आणि तिच्याच जाळावर वैलावर कालवण शिजायचं.

पुढं माझं यंत्रही व्यवस्थित चालू झालं. सुट्टीला आम्ही दोघं घरी आलो, तर तोच रविवार, तीच टपरी, तेच पावणं.

"काय राव, थोरला अजून पाणीच तापवतो का?"

आबांनी बशी खाली ठेवली. "धाकटा चूल, थोरला वैल. सरपान एकच, पन वीज दोघंबी काढत्यात."

"पन चूलच मोठी की!"

"आसंल. पन कोरडी भाकरी घशाखाली उतरती का कुनाच्या? कालवान लागतंच. त्ये थोरला करतो, आन त्येबी वाया जानाऱ्या धगीवर. धाकट्याला न्हाई जमायचं त्ये."

सगळे हसले. या वेळी धाकट्याकडं बघून. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग माझं लक्ष धाकट्याकडं गेलं. त्या दिवशी बाजाराची पिशवी त्याच्या हातात होती. तो खाली मान घालून पिशवीत बघत होता.

आत काय असणार! वांगीच होती. मी आणखी एक चहा सांगितला, माझ्यापुरता.