भाऊ गेले तेव्हा

"घाई काऊन करून राहिल्या जी? बाहुला काही पळून चालला नाही."

हा शेरा ज्याला मिळाला नाही, असं आमच्या गटात कुणी नव्हतं. इंटरनेटवर जमलेली आम्ही हौशी मंडळी. मातीचा बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. असे शेकडो फोटो जोडले की बाहुला चालू लागतो. कुणी ओट्यावर, कुणी पलंगाखाली हा उद्योग करायचा आणि गटात टाकून वाट बघत बसायचा. तुम्ही अशा एखाद्या गटात असाल, तर ती वाट बघणं तुम्हाला ठाऊक असेल. आम्ही भाऊंच्या शेऱ्याची वाट बघायचो.

मी गोंदियाला शाळेत शिकवते. भाऊ तिरोड्याचे, लग्नाचे फोटो काढणारे. एका जिल्ह्यातले असूनही आमची ओळख फोनवरचीच. माझी मातीची बैलजोडी पाहून त्यांनी लिहिलं, "बैल बरे हायेत. चालून राहिले का घसरून राहिले, ते नाही समजलं." मी रुसले, आणि मग बैलांचे पाय नव्यानं केले.

सांगलीच्या एक निवृत्त नर्सबाई नवरा गेल्यावर गटात आल्या होत्या. बाहुलीचा गुडघा वाकेना, म्हणून सोडून देणार होत्या. भाऊंनी फोनवरून त्यांना तार पिळायला शिकवलं. बाईंची बाहुली उठाबशा काढू लागली, तेव्हा गटात दिवाळी झाली.

एका सकाळी भाऊंच्याच खात्यावरून मजकूर आला : "मी त्यांचा पुतण्या. काका काल झटक्यानं गेले." फोन लावला तर बंद.

आम्ही सगळ्यांनी मिळून श्रद्धांजलीचा सिनेमा केला. एकाचा बाहुला दुसऱ्याच्या बाहुल्याला फूल देतो. असं गावोगाव फिरत ते फूल भाऊंच्या फोटोपाशी पोचतं. नर्सबाईंनी तेराव्यापर्यंत त्या फोटोपुढे दिवा लावला.

जिल्ह्यातली मीच, म्हणून घरच्यांना भेटायला मला पाठवलं. हार घेऊन मी तिरोड्याला उतरले. स्टुडिओच्या मागेच घर. ज्या बाईंनी दार उघडलं, त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी चाचरत बोलले. त्या हाराकडे बघत राहिल्या, मग आत वळून ओरडल्या, "आयकलं का? तुमी मेले म्हनून बाई हार घेऊन आल्या!"

आत भाऊ भात कालवत बसले होते.

"बसा जी," ते म्हणाले.

"पुतण्या कुठंय?"

"पुतन्या नाही. मीच लिवलं."

"काऊन?"

"इथं मले फोटोवाला म्हनून सोडलं तर कोन ओळखते? म्हटलं, तुमी लोकं किती दिस आठवन काढता ते पाहावं. मंग तुमी सिनेमाच केला. आता जिवंत कसा होऊ?" मग म्हणाले, "सिनेमा मस्त झाला जी. नाशिकवाल्याचा कॅमेरा थोडा हलला."

हसू यावं असंच होतं. मला रडू आलं. "सांगलीच्या बाई दिवा लावून बसल्या होत्या, भाऊ. त्यांना फोन करा."

माझ्याच फोनवरून त्यांनी केला. "मी बोलून राहिलो जी... तिरोड्याहून."

पलीकडून बाई म्हणाल्या, "जिवंत आहात ना? बरं झालं." आणि फोन बंद.

"रागावल्या का जी?" भाऊंनी विचारलं. भात त्यांच्या बोटांवर वाळला होता. मी हार तिथंच ठेवून निघाले.

गटात कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. नर्सबाई निघून गेल्या. मला एवढंच म्हणाल्या, "मुलाला सांगून दिवा लावला होता हो मी. आता त्याला काय सांगू?"

भाऊंनी माफी मागितली नाही. खातंच बंद करून टाकलं. त्यासरशी त्यांनी लिहिलेलं सगळं गटातून पुसलं गेलं. आजही जुनी पानं उघडली, की आमची उत्तरं तेवढी दिसतात, एकाखाली एक : 'हो भाऊ.' 'करून बघते, भाऊ.' 'आता जमलं बघा, भाऊ!'