सरूमावशीची काजं

गजामामांचा फोन आला की आधी शिलाई मशीनची घरघर ऐकू येते, मग त्यांचा आवाज. गेल्या महिन्यात एका सकाळी ती घरघर आली नाही. दोडामार्गच्या आमच्या शाळेच्या कचेरीत मी फोन कानाला लावून उभा होतो. "झिला, सरू गेली रे," ते म्हणाले. "पहाटे. निजेतच." मी वर्गावर गेलो, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. मग खिडकीतून बाहेर केळीच्या बागेकडे किती वेळ पाहत राहिलो, ते मुलांनाच माहीत.

सरूमावशी आमची कोणी नात्याची नव्हे. बांद्याला आमच्या शेजारच्या घरात ती एकटी राहायची आणि बाजारातल्या गजामामा शिंप्याच्या सदऱ्यांना हाताने काजं करायची. सदरा शिवणाऱ्याचं नाव होतं. पण बटण ज्या एवढ्याशा फटीतून जातं, तिच्या कडा कोणी बांधल्या, हे कोण विचारतो? दोऱ्याला मेण लावून, टाक्याशेजारी टाका, गाठीशेजारी गाठ असं ती काज बांधायची. सदरा विरून जायचा, कॉलर फाटायची, काज मात्र तसंच. रस्त्यात एखाद्याच्या छातीकडे बघून मी सांगू शकायचो, हे मावशीचं.

मी अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात गेलो. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. घरात जागा कमी, माणसं जास्त, म्हणून पुस्तक घेऊन मी मावशीच्या पडवीत बसायचो. दुपारची वेळ, काजूच्या झाडांतून येणारं पिवळसर ऊन, तिच्या मांडीवर पांढरा सदरा... आजही डोळे मिटले की ती पडवी पाण्यावर तरंगल्यासारखी समोर येते. "मोठ्यान वाच," ती म्हणायची. "माका कळाक व्हया असा नाय, तुका कळला म्हणजे झाला." मी वाचायचो. मध्येच तिची सुई थांबायची. "हयसर तुका कळला नाय. फिरून वाच." आणि खरंच तिथे मला कळलेलं नसायचं. मावशी चौथी शिकलेली. इतिहासातला एक शब्द तिला ठाऊक नव्हता, पण आवाजातला निसटलेला टाका तिला बरोबर ऐकू यायचा. माझी पदवी अशी तिच्या पडवीत शिवली गेली.

संध्याकाळी गजामामा नवं गाठोडं घेऊन यायचे. "काय गो सरू, झाली काजा?"

"तुझी टीप सरळ आसती तर कालच झाली आसती."

"म्हापशाक मशीन इली हा काजांची. एका मिनिटात चार. तिकडेच धाडू काय?"

"धाड मगे! गिऱ्हायकाचा बटण वाटेत पडला की माझ्याकडे येव नको."

पदवीचा कागद मिळाला, तो आधी आईला दाखवला आणि मग मावशीकडे धावलो. तिने हात पदराला पुसले, कागद मांडीवर घेतला, त्यावरून अंगठा फिरवला. बोट नेमकं माझ्या नावावर थांबलं होतं. आणि तिने विचारलं, "तुझा नाव खंय आसा रे?"

मी कागदावरून मान वर केली. मग ती हळूच म्हणाली, "वरीस झाला. काचबिंदू म्हणतत. गेली ती नजर परत येवची नाय, डॉक्टरान सांगल्यान. हातांका दिसता, तेवढा पुरे. पण गजाक सांगू नको हां. काजा सुटली तर मी दिवस खंय घालवू?"

मी शब्द दिला. पण काज आधी कापावं लागतं, मग बांधायचं. बांधायला बोटं पुरतात, कापायला डोळे लागतात. मी कापून देतो म्हटलं तर तिने कात्री लपवली. थोड्याच दिवसांत एका नवरदेवाच्या सदऱ्यावर तिची कात्री घसरली. बोटभर जादा. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही... तिने तो सदरा घडी घालून माझ्या हाती गजामामांकडे पाठवला आणि दिवसभर दाराकडे तोंड करून बसून राहिली.

गजामामा आले ते हसत. "अगो, काजांची पट्टीच वाकडी लागलली माझ्याकडसून. नवी लावतंय." मग खाली बघत म्हणाले, "आणि एक. मी छिन्नी आणलंय काज कापूची. फुकट गंजतली. ह्यापुढे कापूनच धाडतंय, तू नुसती बांध."

त्यानंतर गाठोड्यातल्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला दोरा ओवलेली सुईही टोचलेली असायची. मावशीचा दोरा रंगाला जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती त्यांच्या रंगांना नावं ठेवायची, ते तिच्या उशिराला. अशी आठ वर्षं गेली. मी शिक्षक झालो, दोडामार्गला आलो, आणि म्हापशाची मशीन म्हापशातच राहिली.

शेवटची भेट गणपतीतली. निघताना तिने माझं मनगट धरलं. "गजाक ठावक आसा, झिला. पयल्या दिवसापासून." मी चपापलो. "माका कळला हा, ह्या त्याका सांगू नको. मगे तो लाजतलो, आणि कामा धाडूचो नाय." तिचा हात गार होता, बोटांची टोकं मात्र राठ, जिवंत.

बाराव्याला गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. मशीनच्या वर खिळ्याला एक निळा सदरा टांगलेला होता. गजामामांनी तो काढून माझ्या हातात दिला. मावशी काजं नेहमी खालून वर करत जायची. खालचं काज विजारीत खोचलं जातं, तिथे हात तापवून घ्यायचा, म्हणजे गळ्याशी पोहोचेपर्यंत टाका बसतो, असा तिचा हिशेब. पाच काजं पुरी झालेली. गळ्याजवळच्या सहाव्याला तीन टाके. पुढे नुसती फट, तिच्या कडेचे धागे सुटून वर आलेले.

तेवढ्यात दारात सदऱ्याचा मालक आला. गजामामांनी सदरा माझ्याकडून घेतला, शांतपणे पुन्हा खिळ्याला लावला.

"तुका तेच्या बदली दुसरो शिवन देतंय," ते म्हणाले. "ह्यो काजांक दिललो आसा."