राजाचा पहिला घास

सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दर रविवारी दुपारी दोन वाजता एक दुष्ट राजा यायचा आणि सहा वाजता जायचा. राजा म्हणजे माझ्या नवऱ्याचा जुना रूममेट. मूळचा पुण्याचा, अंगाने काडीपैलवान. ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांकडून तो हा खेळ शिकून आला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा तो, त्यामुळे राजा, राजाचे पहारेकरी, वाटेतले लांडगे आणि पाऊससुद्धा तोच. नवरा तलवारबाज झाला होता. सॅन होजेला एम.एस. करणारी नागपूरची एक मुलगी यायची, ती चोर. मी वैदीण. मला हे सगळं आधी पोरखेळ वाटायचं. पण दोन वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढलेल्या बाईला रविवारी चार तास कुणीतरी 'आता तू काय करणार?' असं विचारतंय, एवढ्यानेच मी त्या टेबलाला चिकटले. इतर सहा दिवस मी काय करणार हे कुणीच विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

ते दिवस वाईट होते. आयटीचा फुगा फुटून गेला होता आणि पार्किंगमधल्या गाड्या दर महिन्याला कमी होत होत्या. नवऱ्याचीही नोकरी गेली. नशिबाने महिन्याच्या आत दुसरी मिळाली, पण व्हिसाची ट्रान्सफर त्या कंपनीने नुकतीच फाइल केली होती आणि अप्रूव्हल यायचं होतं. माझा व्हिसा त्याच्या शेपटीला बांधलेला. त्याचा कागद आला की माझा येणार.

आणि नेमकं त्याच वेळी नागपूरला आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली.

भावाने फोनवर सगळं नीट सांगितलं. डायलिसिस सुरू केलंय, पण हृदय साथ देत नाही, डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत. "ताई, येता येत असेल तर ये," म्हणाला. त्या 'येत असेल तर'चा मला राग आला होता, कारण त्याने मला पळवाट काढून दिली होती आणि ती मी वापरणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलीणबाई फोनवर फार गोड बोलल्या. तुम्ही जाऊ शकता, तुम्हाला कुणीच अडवलेलं नाही. मात्र परत यायला मुंबईच्या कॉन्सुलेटमधून नवा शिक्का लागेल, आणि हातात अप्रूव्हल नसेल तर तो मिळणार नाही. अप्रूव्हल किती दिवसांत येईल? ते सांगता येत नाही. नवरा म्हणाला, "दोन आठवडे थांबू. तोपर्यंत येईलच. गेलीस आणि तिकडेच अडकलीस तर काय करायचं, यार?" मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, त्याने मला थांबवलं नाही. मी घाबरले. तिकडे अडकले तर सासरचे काय म्हणतील, इथे हा एकटा काय करेल, आणि आईचं काही झालंच नाही, ती उठून बसली, तर उगीच सगळं घालवलं असं होईल. हो, हेसुद्धा माझ्या मनात आलं होतं.

मग रोज सकाळी उठल्यावर मी दोन गोष्टी करायचे. आधी कॉम्प्युटरवर केसचा नंबर टाकून बघायचे. तिथे एकच वाक्य असायचं, तुमच्या अर्जावर काम चालू आहे. मग कॉलिंग कार्ड खरवडून नंबर दाबायचे. रेकॉर्ड केलेली एक बाई किती मिनिटं शिल्लक आहेत ते सांगायची, आणि त्यानंतर आई.

"जेवली का?" आई विचारायची. तिला स्वतःला पाणीसुद्धा मोजून मिळत होतं.

"सकाळ आहे गं इथे."

"मग नाश्ता केला का? आणि कधी येऊन राहिली तू?"

"कागद आला की लगेच, आई."

त्या रविवारी मला खेळायचं नव्हतं. पण नवऱ्याने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं, आणि न खेळता तरी मी तेच वाक्य बघत बसले असते.

खेळात आमची अवस्था काही बरी नव्हती. तीन रविवार आम्ही त्या राजाकडून मार खात होतो. त्याच्यावर शस्त्र चालत नव्हतं, त्याला आग बाधत नव्हती, विष तर तो सुपारीसारखं चघळायचा. माझ्या नवऱ्याचा तलवारबाज दोनदा मेला होता आणि दोन्ही वेळा मी त्याला जडीबुटी घालून उठवलं होतं. गावाच्या वेशीबाहेर राजाच्या शिक्क्याशिवाय कुणाला जाता येत नव्हतं. दर पौर्णिमेला गावाने शिजवलेल्या अन्नाचा पहिला घास राजाला द्यायचा. पहिला घास त्याचा, म्हणून गाव त्याचं, आणि तोवर त्याला मरण नाही. पुणेकराने हे आवाज खोल करून सांगितलं आणि चिवड्यात हात घातला. आज आम्ही पळून जावं असा त्याचा बेत होता. पुढच्या सहा महिन्यांची गोष्ट त्याने वहीत लिहून तयार ठेवली होती.

"वहिनी, तुम्ही काय करणार?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "राजाचं ताट कोण नेतं?"

"गावातल्या बायका."

"मग मी त्यांच्यात जाते. आणि वाटेत ताटातलं एक शीत उचलून तोंडात टाकते."

"फक्त एक शीत?" नवरा म्हणाला. "त्यात विष तरी घाल."

"विष कशाला? उष्टं झालं ना ते."

पुणेकराचा हात चिवड्यातच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कळलंय. नागपूरच्या मुलीला मात्र कळलं नव्हतं. ती बौद्ध घरातली, तिच्याकडे देव नाहीत आणि नैवेद्यही नाही. तिने विचारलं, "ताई, मला नीट सांगा. तुम्ही आधी खाल्लं तर काय होतं?"

मी सांगितलं, देवाला दाखवायच्या आधी अन्न कुणी चाखायचं नसतं. मीठसुद्धा अंदाजाने घालायचं. चाखलं की ते उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही.

तिने बोटांतला फासा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आमच्या आजोबांना दुसऱ्यांच्या ताटातलं उष्टं खावं लागायचं. एकदा राजालाही खाऊ द्या." आणि पुणेकराकडे वळून, "माझा चोर पहारेकऱ्यांसमोर सगळी भांडी पाडतो. त्या गडबडीत ताई खातील."

पुणेकराने कपाळाला हात लावला. "वहिनी, हे पहिल्या घासाचं खेळाच्या पुस्तकात नव्हतंच. मीच घातलं. आमच्याकडे आई आधी नैवेद्य दाखवायची ना, त्यावरून सुचलं."

"मग भोग आता."

कुणाला दिसू न देता खायला फाशावर पंधराच्या वर हवे होते. मी टाकला. सतरा पडले. राजाने ताट ओढलं, घास घेतला, आणि त्याच्या अंगातलं बळ उतरत गेलं, कारण त्या रात्री गावाचा पहिला घास त्याचा नव्हता. पुणेकर बिचारा अगदी मनापासून म्हातारा होत गेला. आवाज बारीक केला, हात कापवले, खुर्चीतून खाली कार्पेटवर येऊन पडला. वेशीचे दरवाजे उघडले. नवरा टेबलावर थापा मारत ओरडत होता. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी छताला काठी ठोकली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. चोर झालेली ती मुलगी उठून माझ्याजवळ बसली.

मला ती युक्ती कुठून सुचली हे मी कुणाला सांगितलं नाही. मी सहा-सात वर्षांची असताना महालक्ष्म्यांच्या दिवशी मला ताप भरला होता. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घरभर पाहुणे, आणि दुपारचे दोन वाजले तरी नैवेद्य नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात भुकेने रडत होते. आईने इकडेतिकडे न बघता पुरणाचा एक गोळा माझ्या तोंडात घातला. आत्याने पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं, महालक्ष्म्या उपाशी आणि पोरगी आधी! आई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "देवाला भूक आवरते. लेकराला नाही आवरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोनवर राजाची सगळी गोष्ट सांगितली. ती थकली होती, मध्येमध्ये नुसता श्वास ऐकू यायचा. शीत खाल्लं तिथे आले तेव्हा ती हसली. हसताना तिला खोकला आला, भावाने फोन घेतला, मग तिने पुन्हा मागून घेतला.

"राक्षसाला उष्टं खाऊ घातलं व्हय?"

"हो."

"मग त्या ऑफिसातल्या माणसाला काही करता येत नाही का तुले?"

मी म्हटलं, आई, तिथे माणूस नसतो गं. नुसता नंबर असतो.

"असं कसं," ती म्हणाली. "कोणीतरी बसलाच असेल की." तेवढ्यात कार्डातली मिनिटं संपत आल्याचं त्या बाईने सांगितलं, आणि आईने घाईघाईने विचारलं, "कधी येऊन राहिली?"

मी म्हटलं, "लवकरच." लगेच फोन कट झाला. दुसरं कार्ड घरात होतं. मी ते खरवडलं नाही, कारण पुन्हा तेच उत्तर द्यावं लागलं असतं.

गुरुवारी ती गेली. फोन आला तेव्हा मी डाळ धूत होते, आणि फोन ठेवून झाल्यावर पुन्हा धुवायला लागले. नवऱ्याने माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं. तो म्हणाला, "चल, तिकीट काढू. जे होईल ते होईल." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तसं मी आजवर कुणावर ओरडलेले नाही. आता कशाला? आता तिथे माझी वाट कोण बघतंय? नंतर कळलं, बघत होतं कुणीतरी.

दहाव्या दिवसानंतर भावाचा फोन आला. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर भरपूर होते, एक तर चार हातांवर येऊन बसला, पण पिंडाला चोच लावत नव्हता. दोन तास झाले. ऊन वाढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मामा म्हणाले, तिचं मन कशात तरी अडकलंय, बोल काहीतरी. भाऊ म्हणाला, बाबांना मी सांभाळीन. नाही शिवला. घर विकणार नाही. नाही शिवला. "मग मी म्हटलं, आई, ताई पुढच्या महिन्यात येऊन राहिली. तिचा कागद आला. झालं, लगेच शिवला."

"कागद आला नाहीये," मी म्हटलं.

"मला माहीत आहे, ताई. पण काय करणार होतो?"

कागद त्यानंतर अकरा दिवसांनी आला. पाकीट साधंच होतं, जाहिरातींच्या पत्रकांमध्ये पडलेलं. पुढच्या महिन्यात मी गेले नाही. मुंबईत शिक्क्याला किती दिवस लागतील याचा कुणी भरवसा देईना, मग मी गरोदर राहिले, मग नवऱ्याची ती कंपनीही बुडाली आणि नवा नंबर, नवं वाक्य. कारणं खरी होती सगळी. मीही त्यांच्यामागे लपले.

तो खेळ आम्ही पुन्हा कधी मांडला नाही. पुणेकर दोन-तीनदा आला, वही घेऊन नाही, नुसताच. एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही म्हणाल तर नवीन गोष्ट सुरू करू." मी म्हटलं, नको. ज्याला तोंड आहे, भूक आहे, जो शब्दाला बांधलेला आहे, त्याला कुणीही फसवील. असा राक्षस मला नकोच होता.

नागपूरला मी गेले ती साडेचार वर्षांनी, मुलीला घेऊन. भावजयीने पहिल्याच दिवशी पुरण घातलं. जेवायच्या आधी भावाने कावळ्यासाठी एक पान कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवलं, आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी खरंच मी येते म्हटल्यावरच शिवला का? की तेव्हा योगायोगाने आला?"

भाऊ सरळ माणूस आहे. त्याला माझ्यासारख्या युक्त्या येत नाहीत.

"तू येते म्हटल्यावरच," तो म्हणाला. "तोपर्यंत हललासुद्धा नाही."

घाटावर आईशी बोलला तसं त्याने एकदा माझ्याशीही खोटं बोलावं म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो म्हणाला, "ऊठ, ताई. जेवून घे."